पितळी टोक

लेथच्या चकात पितळेची सळई गरगर फिरते आहे. काका टूल अलगद पुढे सरकवतात, तसा सोनेरी कीस तडतडत खालच्या ट्रेमध्ये पडतो. पितळ कोरडंच कापतात, म्हणून तेलाचा धूर नाही. दाराबाहेर मुंबईच्या फणसवाडीची दुपार ऐन भरात आहे. पाठीवर गाठोडी घेतलेले हमाल, वाट अडवून उभी असलेली हातगाडी, व्यंकटेशाच्या देवळाकडून येणारा घंटेचा आवाज. चाळीच्या तळमजल्यावरच्या या खोलीत लेथ, ड्रिल मशीन आणि एक लाकडी बाक एवढंच मावतं. आलेल्या माणसाने उभं राहायचं.

बाकावर टॉवेल अंथरलाय आणि त्यावर पंचवीस पौंडी तोफेचा गोळा आडवा ठेवलाय. वजन अकरा किलोच्या वर. त्याला टोक नाही. जिथे फ्यूज बसायचा तिथे नुसतं आट्यांचं रिकामं तोंड आहे. शेजारी पितळी काडतूस उभं आहे, त्याच्या बुडावर सरकारी बाण आणि १९४३ साल ठोकलेलं.

गोळा ज्यांनी आणला ते साहेब तोफखान्यातून निवृत्त झालेत. माजी सैनिकांच्या एका संस्थेत छोटंसं दालन उभं राहतंय, त्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. ते बसत नाहीत, बोलताना हात मात्र गोळ्यावरच असतो. या तोफेत गोळा आणि काडतूस वेगवेगळं भरायचं, ते मला समजावतात. आधी गोळा नळीत ठासायचा, मग काडतूस. काडतुसात तांबडी, पांढरी आणि निळी अशा तीन पिशव्या. पल्ला जवळचा असेल तर त्यातल्या काढून ठेवायच्या. नळीचा व्यास ८७.६ मिलिमीटर. "आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश, सगळीकडे हीच होती आपल्या पलटणींच्या मागे," साहेब म्हणतात. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन नदी ओलांडली. त्या मोहिमेत नदीकाठी धडधडणाऱ्या तोफांत या जातीच्या तोफा होत्या. नगर जिल्ह्यातल्या निमजचा तो मुलगा व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन परतला. शाळेतल्या पोरांना हे नाव सांगायचं तर हाताशी काहीतरी दिसणारं हवं, असं साहेबांना वाटतं. मलाही वाटतं.

काका मात्र इतिहासात शिरायच्या आधी कागद बघतात. गोळा कुठून आला, कुणी दिला, निर्धोक असल्याचा दाखला कुणाचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत फ्यूज आणि सुटे भागही येतात, त्यामुळे रिकामा आहे एवढं तोंडाने सांगून इथे भागत नाही. साहेबांनी फाइल आणलीय. काका चष्मा कपाळावर सरकवून एकेक पान वाचतात, मग गोळा उचलून खिडकीकडे धरतात. अंगात आरपार भोक पाडलेलं आहे. पलीकडचा उजेड दिसतो तेव्हाच ते मान हलवतात. हा सरावाचा गोळा. तोफ भरायला शिकणाऱ्या जवानांसाठी मूळ वजनाचा केलेला, आत स्फोटक कधी नव्हतंच. बुडाजवळच्या तांब्याच्या पट्ट्यावर बोट फिरवून बघितलं तर तो गुळगुळीत लागतो. तोफेतून उडालेल्या गोळ्याच्या पट्ट्यावर नळीतल्या पेचांचे तिरके ओरखडे उमटलेले असतात.

आता आट्यांचं काम. काका गोळ्याच्या तोंडात गेज घालून बघतात, काढतात, दुसरं पान लावतात. आपल्याकडचे रोजचे मेट्रिक आटे ६० अंशांचे, जुने इंग्रजी व्हिटवर्थ आटे ५५ अंशांचे. पाच अंशांचा फरक डोळ्यांना कळत नाही, पण जबरदस्तीने फिरवलं तर ऐंशी वर्षांचे जुने आटे चिरडून जातात. म्हणून टूलच घासून ५५ अंशांचं करावं लागतं. परळच्या गिरणीत मेकॅनिक खात्यात काका टर्नर होते, तिथल्या सगळ्या मशिनी इंग्रजी मापाच्या. १९८२ च्या संपानंतर ते हुन्नर घेऊन इथे आले. गिरणी गेली, मापं हातात राहिली.

फ्यूजचं बाहेरचं रूप साहेबांनी मोजून, फोटो काढून आणलंय. आतलं काहीच करायचं नाही, हे दोघांचं पहिल्यापासून ठरलेलं. नक्कल संपूर्ण भरीव. बाहेरून टोपी, खाच, कडा. आत नुसतं पितळ. सळई हळूहळू निमुळती होते, टोपीचा गोलवा उतरतो, आणि साहेब पहिल्यांदाच गप्प होतात.

वाद होतो तो रंगावर. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश गोळ्यांवर टोकाखाली तांबडी कडी असे. तिचा अर्थ, हा भरलेला आहे. संस्थेतल्या काहींची इच्छा आहे की कडी रंगवावी. लोकांना खराखुरा गोळा बघितल्यासारखं वाटेल. साहेबांनाही मोह झालाय, ते लपवत नाहीत.

काका मशीन बंद करतात. "साहेब, हा कधी भरलेला नव्हता. त्याच्यावर खोटं कशाला लिहायचं?"

"लोक विचारतात हो, काका."

"मग सांगायचं. सरावाचा आहे म्हणून सांगायचं."

माझं मत काकांच्या बाजूचं आहे. स्मारकांच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली. गहाळ भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकूण रूपाशी जुळावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा, असं त्यात आहे. देवळाचा खांब असो की गोळ्याचं टोक, नियम एकच. युद्धसामग्रीत तर त्याला दुप्पट अर्थ आहे. भरलेला आणि रिकामा यांतला फरक पुसणारी सजावट पाहणाऱ्याला चुकीचं शिकवते. दालनात तांबड्या कडीच्या गोळ्यावर हात ठेवून फोटो काढलेलं पोर उद्या शेतात तसाच गोळा दिसला तर काय करील?

दारात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी उभ्या आहेत, वय नव्वदीच्या घरात. पिशवीत भाजी. त्यांची नजर बाकावर जाते आणि पाऊल उंबऱ्याबाहेरच थांबतं.

"रिकामा आहे ना रे?"

"याच्यात कधी काही नव्हतंच, आजी. या आत."

आजी येत नाहीत. १४ एप्रिल १९४४ ला त्या याच चाळीत होत्या. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज, पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि सोबत कापसाच्या गासड्या. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. आजींना जहाजाचं नाव ठाऊक नाही. घरभर पसरलेल्या काचा आणि आईने पाठुंगळी घेऊन जिना उतरणं तेवढं आठवतं. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलला त्यांची आठवण काढतात. आजी आपल्याला आठवतं तेवढंच सांगून जिन्याकडे वळतात. साहेब टॉवेलाचं टोक गोळ्यावर ओढून घेतात, मग काकांना म्हणतात, "कडी नको. ठरलं."

फ्यूजची नक्कल आता चकातून सुटते. काका ती तळहातावर उलटी धरतात आणि आट्यांच्या खालच्या सपाट बाजूवर ठोकणीने अक्षरं उमटवतात : नक्कल, खाली साल. गोळ्यावर बसवल्यावर ते दिसणार नाही, पण जो कुणी उद्या ती काढून बघील त्याला कळेल. बाहेरच्या बाजूसाठी साहेब पाटीचा मजकूर वहीत लिहून घेतात : गोळा मूळ, सरावाचा, टोक नवीन. नक्कल हाताने फिरवत बसवताना कुठेही अडत नाही. शेवटचा वेढा काका साहेबांना देतात.

शेजारच्या पॅकिंगच्या गाळ्यातला पोरगा मघापासून डोकावतोय. तो आत येऊन मोबाइल पुढे करतो. नगर जिल्ह्यात के. के. रेंजच्या कडेला त्याचं गाव, लष्कराचा तोफांचा सराव चालतो तिथलं. चुलत्याने बांधाला नांगरताना सापडलेल्या वस्तूचा फोटो पाठवलाय. गंजलेली, निमुळती, चिखलात अर्धी. "काका, हे पण असं चकाचक होईल का? पितळ आहे म्हणतो चुलता. किती येतील?"

काका फोटो बघतात आणि त्यांचा चेहरा बदलतो. साहेब फोन हातात घेऊन फोटो मोठा करतात. तांब्याच्या पट्ट्यावर तिरके ओरखडे आहेत. उडालेला आहे, पण फुटलेला दिसत नाही. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्ध्याजवळ पुलगावात जुना दारूगोळा नष्ट करताना सहा माणसं गेली, त्यांत मजुरीला आलेले गावकरी होते. भंगाराच्या भावासाठी अशी कामं करणारी, अशा वस्तू उचलणारी माणसं फायरिंग रेंजच्या गावांत आजही आहेत.

"हात लावलाय का त्याने?" साहेब विचारतात.

"घरी नेणार होता संध्याकाळी."

"लाव फोन. आत्ता. आधी चुलत्याला, लांब हो म्हणावं, पोरांना पण लांब कर. मग ११२."

पोरगा घुटमळतो. मालक हाक मारतोय. काका हात पुसत दारात जातात आणि पलीकडच्या गाळ्याकडे तोंड करून ओरडतात, "थांबेल तो दहा मिनिटं!" पोरगा नंबर लावतो. साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे आहेत. पलीकडून चुलत्याचा आवाज येतो, गावच्या वाऱ्यात तुटक, आणि पोरगा पहिल्या वाक्यालाच सांगतो, "आप्पा, त्याला हात लावू नका."