सरस्वतीपूजन आणि अडलेली लेखणी

शारदीय नवरात्रात मूळ नक्षत्र लागले की पाटावर ग्रंथ मांडून सरस्वतीचे आवाहन करावयाचे, पूर्वाषाढा नक्षत्रावर पूजा बांधावयाची आणि श्रवणावर देवीस निरोप द्यावयाचा, असा क्रम आपल्या धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी घालून दिला आहे. कित्येक घरांत हा सारा विधी खंडेनवमी आणि दसरा या दोन दिवसांतच आटोपतात. पोथ्यांची बासने सुटतात. ज्ञानेश्वरी, दासबोध आणि मुलांची पाठ्यपुस्तके एकाच पाटावर शेजारी बसतात. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती रेखली जाते आणि तिच्यापुढे लेखणी आडवी ठेवली जाते. ग्रंथ पूजेत असेतोवर वाचू नये, लिहू नये, शिकवूही नये, असा दंडक आहे. बाळपणी आम्हांस या दंडकाचे फार कौतुक वाटे. भगवतीच अभ्यासास सुट्टी देते, याहून मोठी कृपा ती कोणती!

परंतु पूजेत ठेवलेली लेखणी दसऱ्यास उचलावयाची असते, हा त्याच विधीचा उत्तरार्ध आहे. तो आम्ही पाच वर्षे चुकविला. त्याची ही हकीकत आहे.

आमचे कीर्तनगुरू उत्तररंगास कूर्मदासाचे आख्यान लावीत. पैठणचा हा भक्त, हातापायांनी अधू. पंढरीच्या ओढीने सरपटत निघाला, लऊळपर्यंत आला, आणि पुढे देह चालेना म्हणून त्याने वारकऱ्यांजवळ देवास निरोप पाठविला. देवच उठून त्याच्या भेटीस आले. कथा सर्वश्रुत आहे. पण गुरुजींनी त्या आख्यानासाठी स्वतः रचलेली पदे, साक्या, दिंड्या आणि कटाव कोणत्याही छापील पुस्तकात नाहीत. त्यांनी ती कधी कागदावर उतरविली नाहीत. पुढे बसून ऐकावे आणि कंठात साठवावे, हीच त्यांची रीत. १९९४ साली ते वैकुंठवासी झाले, तेव्हा ते आख्यान आमच्या आणि आमच्या एका ज्येष्ठ गुरुबंधूंच्या स्मरणात तेवढे उरले. त्यांच्या स्मरणात पुष्कळ, आमच्या त्याहून कमी.

२०१४ च्या नवरात्रात आम्ही लाल कापडी बांधणीची दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर श्रीकार घातला, वही पूजेत ठेवली, तिजवर हळदकुंकू वाहिले. दसऱ्यास ती कपाळी लावून पुन्हा कपाटात ठेवली. पुढच्या वर्षी तेच झाले, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. वही जुनी होत गेली, कुंकवाचे डाग वाढले, पण श्रीकाराखाली अक्षर उमटले नाही. बसलो नाही असे नव्हे. चातुर्मासात दुपारच्या वेळी वही मांडीवर घेऊन किती वेळा तरी बसलो. पहिले वाक्य मनात येई आणि ते कागदावर येण्याआधीच आमच्यातील शास्त्रीबुवा त्यास नाक मुरडीत. हा शब्द ग्राम्य, तो प्रयोग शिथिल, या यमकात ओढाताण! मग लेखणी खाली.

याचे आश्चर्य आम्हांसच वाटे. कीर्तनास उभे राहिलो की दोन-अडीच तास शब्दांची वाण पडत नाही. मग कागदापुढे जीभ कोठे जाते? विचारांती उलगडा झाला तो असा. कीर्तनात समोर श्रोते असतात, पेटीवाला सूर धरून असतो, एखादा शब्द घसरला तर नामाच्या गजरात वाहून जातो. कागदावरील शब्द वाहून जात नाही. तो तेथेच बसून आपणाकडे पाहत राहतो. त्या पाहण्याची आम्हांस भीती वाटत होती, आणि त्या भीतीस आम्ही ‘वहीचे पावित्र्य’ असे गोंडस नाव दिले होते.

मोठ्यांचीही लेखणी अडते, हे भागवताच्या प्रथम स्कंधात आम्ही शेकडो वेळा सांगितले आहे. वेदांचा विभाग केला, भारत रचले, आणि तरीही व्यासमहर्षी खिन्न होऊन बसले. कोठे? सरस्वती नदीच्याच तीरावर! तेथे आम्हां कीर्तनकारांचे आद्य आचार्य नारद आले. त्यांनी व्यासांना हरिगुण गाण्यास सांगितले; पण तेवढ्यावर न थांबता आपलीच मागच्या जन्माची, एका दासीचा पुत्र असतानाची, कथा त्यांना ऐकविली. हा भाग निरूपणात आम्ही नेहमी घाईने उरकीत असू. खिन्न झालेल्या ग्रंथकाराशी त्याच्या ग्रंथाविषयी वाद न घालता त्याच्यापुढे साधी गोष्ट सांगावयास बसावे, यातील वैद्यकी पुष्कळ उशिरा ध्यानात आली.

२०१९ च्या आषाढात आमचे गुरुबंधू गेले. वारीची गर्दी ओसरली की येतो, सारी पदे सांगतो, तुम्ही उतरून घ्या, असे त्यांनी सांगितले होते. पाच वर्षे आम्हीच त्यांना ‘पुढल्या खेपेस’ म्हणत आलो होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

त्या दुःखाच्या दिवसांत राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ पुन्हा हाती आली. हा कवी नवव्या शतकाच्या अखेरीस व दहाव्याच्या प्रारंभी कनोजच्या महेंद्रपाल राजाच्या आश्रयास होता. त्याचा पणजा अकालजलद यास त्याने ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हटले आहे, म्हणून आपणांस तो थोडा घरचाच. ग्रंथ १९१६ साली बडोद्याहून, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून छापला गेला. त्याच्या दहाव्या अध्यायात कवीची दिनचर्या आहे, आणि तेथेच ग्रंथ कशाने नष्ट होतात याची यादी आहे. ग्रंथ गहाण टाकणे, विकणे, देशत्याग, अल्पायुष्य, अग्नी, पाणी ही कारणे कोणासही सुचतील. पण राजशेखर पुढे आणखी सांगतो: मागाहून पुरे करीन, मागाहून संस्कार करीन, मित्रांशी बसून विचार करीन, ही कर्त्याची चलबिचलही ग्रंथनाशाचेच कारण होय, आणि तिच्या पंक्तीस त्याने राष्ट्रावरील उत्पात बसविला आहे! आम्ही पोथी मिटली. आगीने आणि परचक्राने करावयाचे काम आम्ही घरबसल्या, हळदकुंकू वाहून केले होते.

(या ग्रंथाची योजना अठरा अधिकरणांची असून आज उपलब्ध आहे ते पहिलेच. असो.)

पण राजशेखर नुसते भय घालीत नाही, उपायही देतो. कवीने सकाळी सारस्वत सूक्त म्हणून पहिला प्रहर अध्ययनात घालवावा, दुसऱ्या प्रहरी रचना करावी. आणि जे रचले त्याची परीक्षा त्याच वेळी न करता चौथ्या प्रहरी करावी. कारण रसाच्या आवेशात लिहिणाऱ्यास विवेकाची दृष्टी नसते. तेव्हा अधिक असेल ते काढावे, उणे असेल ते भरावे, विसरले असेल ते आठवावे. परीक्षित मजकूर सायंकाळच्या सरस्वतीपूजनानंतर शुद्ध लिहून ठेवावा. म्हणजे रचणारा आणि तपासणारा यांना एका आसनावर बसवूच नये! आमच्या घरी ते दोघे पाच वर्षे एकाच आसनावर भांडत होते.

त्याचा दुसरा इशारा तर आम्हांस उद्देशूनच असावा. अर्धवट कृती कोणास वाचून दाखवू नये, ती अपुरीच राहते, हे तो कवींचे रहस्य म्हणून सांगतो. आम्ही तर न लिहिलेल्या आख्यानाची शाबासकी गावभर आगाऊ घेऊन बसलो होतो. भूक भागल्यावर स्वयंपाक कोण करतो?

आणि कवीच्या साहित्यात तो फळा व खडू सांगतो, दौत-लेखणी, ताडपत्रे, भूर्जपत्रे सांगतो, घोटून स्वच्छ केलेल्या भिंतीही सांगतो. पुसता येईल असे काहीतरी सदैव जवळ असावे, हा भाव. प्रतिभा हेच खरे साहित्य, असे स्वतःचे मत तो लगेच जोडतो, ते पंडितास शोभणारेच आहे. परंतु आम्हांस तारले ते फळ्याने. २०१९ च्या दसऱ्यास लाल वही पूजेतून उचलली, ती सरळ कपाटात ठेवली, आणि उत्सवाच्या जुन्या निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा काढला. त्यांची पाठ कोरी होती. पहाटे उठावे, समईपुढे बसावे आणि गुरुजी जसे बोलत तसे आधी मोठ्याने म्हणावे, मग लिहावे. एका पहाटे एका पत्रिकेची पाठ, अधिक नाही. खोडावयाचे ते दुपारच्या चहानंतर. त्याआधी लाल शाईला हात लावावयाचा नाही.

पहिला आठवडा अत्यंत निकृष्ट गेला. कूर्मदास पैठणची वेस ओलांडीना! बाराव्या दिवशी मात्र, लिहिता लिहिता, पंचवीस वर्षांत न आठवलेली एक साकी चालीसकट जिभेवर आली. लिहावयास बसलो म्हणून ती आठवली. आठवेल तेव्हा लिहू, असे म्हणून बसलो असतो तर ती आमच्याबरोबरच गेली असती.

रोज बसणे जमलेच असे नाही. कार्तिकातील कीर्तने, पुढे घरातील आजारपणे, २०२० सालच्या महामारीत ओस पडलेली मंदिरे; महिना महिना पत्रिका कोऱ्या राहिल्या. पण अशा खंडानंतर पूर्वी जो विषाद येई तो आला नाही. राजशेखराच्या ग्रंथात कवित्वाच्या आठ माता सांगितल्या आहेत: स्वास्थ्य, प्रतिभा, अभ्यास, भक्ती, विद्वानांशी संवाद, बहुश्रुतता, दृढ स्मरण आणि शेवटी अनिर्वेद, म्हणजे हताश न होणे. सुंदरकांडात सारी लंका धुंडाळूनही सीता दिसेना, तेव्हा मारुतिरायांनी ज्याचा आश्रय केला तो हाच अनिर्वेद. पहिल्या सात माता आमच्या वाट्यास कमीअधिक आल्या. आठवीने मात्र या वयात मांडीवर घेतले.

आख्यान २०२२ च्या माघात पुरे झाले. पत्रिकांच्या पाठीवरून ते लाल वहीत उतरविले, तेव्हा श्रीकाराची शाई फिकट झालेली होती. ग्रंथ सिद्ध होताच त्याच्या अनेक प्रती करून ठेवाव्यात, हेही राजशेखराचेच सांगणे. म्हणून तीन झेरॉक्स प्रती काढून तीन गावांच्या तीन शिष्यांकडे ठेवल्या आहेत. त्यांतील एक मुलगी गेली दोन वर्षे हे आख्यान उभे राहून करते, आणि कटावात आमच्याहून चांगली रंगते.

वहीत दोन पाने आम्ही कोरी सोडली आहेत. लऊळच्या मुक्कामी कूर्मदास वारकऱ्यांजवळ निरोप देतो, तेथील दिंडी, आणि देव राउळातून निघतात तेथील पद. ही दोन्ही गुरुबंधूंस येत होती, आम्हांस येत नाहीत. आमच्या गुरुजींची कीर्तने सोलापूर आणि मराठवाडा भागात गावोगाव झाली आहेत. कोणा घरी वडीलधाऱ्यांच्या स्मरणात ही पदे असतील, तर त्यांनी ती मिळेल त्या कागदावर उतरवून या पत्राच्या पत्त्यावर पाठवावी. अक्षर कसेही असले तरी चालेल, चरण अपुरे असले तरी चालेल.