काठी मिळाली, पण पडणे थांबले का?

"काही नाही जी, पाय सटकला." दर्यापूरकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या आजींनी एवढेच सांगितले. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी हळूच कबूल केले, की वर्षभरातले हे तिसरे पडणे. आधीची दोन लपवली, कारण सांगितले तर घरचे शेतात अन् बाजारात जाऊ देणार नाहीत, ही भीती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. त्यात साठीपुढचे सर्वाधिक.

सरकारी प्रयत्न आहेत. २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय वयोवृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी तपासणी व फिजिओथेरपीची तरतूद आहे. २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, चष्मा मिळतो. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, दोन लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना एकरकमी ३,००० रुपये खात्यात मिळतात. त्यातून कमोड खुर्चीही घेता येते.

पण साधन हाती आले, की काम संपत नाही. ओपीडीत येणाऱ्या अनेकांची काठी उंचीला चुकीची असते. सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. टोकाचे रबर झिजले तर बदलावे.

दुसरे कारण गोळ्यांत दडलेले असते. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो. रक्तदाबाच्या औषधांनी काहींना उठताच अंधारी येते. म्हणून रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, असा दोनदा मोजून घ्या. औषध मात्र मनाने बंद करू नका. मोतीबिंदू असेल तर सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते.

घरीच एक चाचणी करा. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवा. चाचणी घेताना कुणीतरी जवळ हवे.

न्हाणीतले शेवाळ घासा, भिंतीला पक्की दांडी बसवा, रात्री वाटेत दिवा ठेवा. ओट्याला धरून एका पायावर उभे राहण्याचा सराव फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. स्नायू ऐंशीतही बळकट होतात.

एक अपेक्षा सरकारकडून, म्हणजे आम्हा डॉक्टरांकडूनही. रक्तदाब तपासतो तसे प्रत्येक ज्येष्ठाला विचारायला हवे, "वर्षभरात पडलात का?" अन् घरच्यांनी हे उत्तर ऐकून रागावू नये. रागावले, की पुढचे पडणे थेट अपघात विभागातच कळते.