एक देश, 47 मजुरीदर

अकिता (जपान)

उत्तर जपानातला अकिता म्हणजे तांदळाचा मुलूख. धानाच्या बांध्या पाहून गोंदियाकराला इथे परकं वाटत नाही. मजुराच्या आठवड्याचा हिशेब मात्र समजून घ्यावा लागतो.

सबंध जपानला एकच किमान वेतन नाही. प्रांत 47, आणि दर ज्याचा त्याचा. ऑक्टोबर 2024 मध्ये टोकियोत तासाला 1,163 येन झाले. अकितात 951, तेव्हा देशात सगळ्यात कमी. त्या दरांनी 40 तासांच्या आठवड्याला तिकडे 46,520 येन, इकडे 38,040. दुकानांच्या काचेवर ‘माणूस पाहिजे’चा कागद लागतो, त्यावर तासाचा दर मोठ्या अक्षरांत असतो, आणि हलक्या कामांना तो किमान दराला चिकटूनच असतो. आत गेलं की भाताचा तयार गोळा मात्र टोकियोच्याच भावाने.

दर उन्हाळ्यात एक केंद्रीय समिती प्रांतांचे तीन गट करून वाढ सुचवते. मग प्रांताची समिती आकडा पक्का करते. तिच्यात कामगार, मालक आणि तटस्थ जाणकार असतात. खेड्यात राहणं स्वस्त, हा मालकांचा जुना मुद्दा. घरभाडं कमी आहे, हे खरं. पण बर्फाचे महिने काढायचे तर रॉकेलचा स्टोव्ह पेटता ठेवावा लागतो, आणि बस इतक्या विरळ की मोटारीवाचून कामावर पोचणं कठीण. हा खर्च धरला तर स्वस्ताईचा मुद्दा मला अजिबात पटत नाही.

दरांतल्या या तफावतीचे परिणामही दिसतात. 1964 च्या ऑलिंपिकसाठी टोकियोत बांधकामं निघाली, तेव्हा इथले शेतकरी कापणी उरकून हिवाळाभर तिकडे मजुरीला जात आणि रोवणीपर्यंत परत येत. आता तरुण जातात ते बहुतेक तिकडचेच होतात. बुलेट ट्रेनने टोकियो सुमारे 4 तासांवर. 2017 साली या प्रांताची लोकसंख्या 10 लाखांच्या खाली आली.

आपल्याकडे तर नुसती राज्याची सीमा ओलांडली की रोजी बदलते. रोजगार हमीत 2024-25 साली महाराष्ट्राचा दर 297 रुपये होता; सीमेपलीकडे बालाघाटात आणि राजनांदगावात 243. सहा हाजऱ्यांच्या आठवड्यात 324 रुपयांचा फरक. सीमेवरच्या बाघ नदीच्या अल्याड काय नि पल्याड काय, माती तितकीच जड. हरियाणात तर तेव्हा 374 होता. आणि आपला दर शेजाऱ्यांहून बरा असूनही गोंदियातल्या सालेकसा-देवरीकडची माणसं धान निघालं की नागपूर, हैदराबादची वाट धरत, कारण केंद्राची हमी तेव्हा वर्षाला 100 दिवसांचीच होती आणि चुकाऱ्याची वाट पाहायची ती वेगळीच.

अकिताचा दर कमी असला, तरी तो ठरताना कामगारांची माणसं मालकांसमोर बसून भांडू शकतात. रोजगार हमीचा 2024 चा दर शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकावरून दिल्लीत निघाला, मार्चअखेर अधिसूचना आली, आणि 1 एप्रिलला सालेकशाच्या मजुराला तो कळला.