एकाच चॅनेलवर चालणाऱ्या बिनतारी यंत्रांची परस्परांस होणारी बाधा

विहिरीवरील मोटार एकीकडे आणि ओलिताचे शेत दूर दुसरीकडे, अशी स्थिती भोकरदन तालुक्यात अनेक ठिकाणी आढळते. रात्रीच्या विजेवर मक्यास अथवा मिरचीस पाणी देताना दारे धरणाऱ्याने मोटारीजवळच्या माणसास हाक द्यावयाची, तर आवाज पोहोचत नाही. अशा कामी डिजिटल वॉकी-टॉकी उपयोगी पडते. परंतु शेजारच्या शिवारातही तीच यंत्रे आली आणि दोहोंचा चॅनेल एकच असला, म्हणजे संदेश तुटू लागतात.

यात कोणाची लबाडी असते असे नव्हे. भारतात २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांस परवान्याविना खुला आहे. हा पट्टा २०० किलोहर्ट्‌झ रुंदीचा. प्रत्येक चॅनेलास १२.५ किलोहर्ट्‌झ धरल्यास त्यात सोळाच चॅनेल बसतात. शिवाय ही सवलत सामाईक वापराची आहे. दुसऱ्याच्या यंत्राने बाधा झाली, तर संरक्षण मागता येत नाही. तेव्हा शेजाऱ्यांनी आपसांत चॅनेल वाटून घेणे, हाच पहिला व स्वस्त उपाय होय. ग्रामसेवकांनी याची नोंद एका वहीत ठेवल्यास पुढचे तंटे टळतील.

जुन्या अ‍ॅनालॉग यंत्रावर दोघे एकदम बोलले, तर शिट्टी अथवा दोन आवाजांची सरमिसळ ऐकू येई व गडबड लगेच कळे. डिजिटल यंत्रात आवाजाचे अंकांत रूपांतर होते. त्यातील थोड्या चुका यंत्र सुधारून घेते. त्या मर्यादेपलीकडे गेल्या की आवाज तुटतो किंवा यंत्र अगदी मुके होते. ऐकणारा समजतो, कोणी बोललेच नाही. धोका आहे तो येथेच.

यावर ‘कलर कोड’ बदलला की काम भागले, असे पुष्कळांस वाटते. डीएमआर पद्धतीच्या यंत्रांत ० ते १५ असे सोळा कोड असतात. कोड निराळा असला, की शेजाऱ्याचे बोलणे आपल्या कानी पडत नाही, एवढेच. त्याच्या लहरी हवेत असतातच, व त्या आपल्या लहरींवर आदळतात. दाराला पडदा लावल्याने रस्त्यावरील गाड्या कमी होत नाहीत, तसाच हा प्रकार.

खरा उपाय यंत्राच्या मांडणीत आहे. प्रक्षेपणास परवानगी केव्हा द्यावी, याविषयी बहुतेक यंत्रांत तीन पर्याय असतात : नेहमी, चॅनेल मोकळा असताना, आणि आपला कलर कोड मोकळा असताना. पहिल्यात यंत्र कोणाचीही पर्वा करीत नाही. तिसऱ्यात ते केवळ आपल्याच गटाचा मान राखते आणि शेजाऱ्यावर बेधडक बोलते. सामाईक चॅनेलवर दुसराच पर्याय निवडावा. ही मांडणी बहुधा संगणकावरून करावी लागते; म्हणून खरेदीच्या वेळीच विक्रेत्याकडून ती दोन्ही गटांच्या सर्व यंत्रांत करून घ्यावी.

एका चॅनेलवर डीएमआरचे दोन टाइम स्लॉट असतात, ते दोन गटांनी वाटून घ्यावेत, अशी सूचनाही केली जाते. परंतु प्रत्येक स्लॉट ३० मिलिसेकंदांचा असतो, आणि दोन्ही गटांची वेळ एका घड्याळाने बांधलेली नसेल, तर ते एकमेकांवर सरकतात.

केळना नदीच्या खोलगट काठावरील यंत्रास टेकाडापलीकडचे बोलणे ऐकू येत नाही. त्यास चॅनेल मोकळाच भासतो. पण उंचावरील तिसऱ्या यंत्राकडे मात्र दोन्ही संदेश एकदम पोहोचतात. अशा जागी मांडणी कितीही अचूक असली, तरी चॅनेल बदलावाच लागतो. बोलणेही थोडके असावे. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावे, म्हणजे पहिला शब्द कापला जाणार नाही. आणि ऐकणाऱ्याने निरोप उलट म्हणून दाखवावा. उत्तर न आल्यास निरोप पोहोचला नाही, असेच धरावे.

मोटारीची अथवा केबलची दुरुस्ती करताना मात्र यंत्रावरील शब्दावर मुळीच विसंबू नये. मुख्य स्विच पाडून फ्यूज काढावेत व ते दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावेत.