फवारणी पंपाच्या बॅटरीची निवड व निगा

पाठीवरील बॅटरी पंप आता बहुतेक गावांत दिसतो. पंप टिकतो, परंतु बॅटरी दुसऱ्याच हंगामास दगा देते, अशी शेतकरी बंधूंची तक्रार असते. हा दोष पुष्कळदा बॅटरीचा नसून ती ठेवण्याच्या रीतीचा असतो.

या पंपांत सामान्यतः शिसे व गंधकाम्ल यांची १२ व्होल्टची बंद बॅटरी असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधून काढलेली पद्धती ती हीच. बॅटरी उतरू लागली म्हणजे आतील शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो. लागलीच चार्ज केल्यास तो निघून जातो. मात्र उतरलेली बॅटरी तशीच कोपऱ्यात पडून राहिल्यास त्याचे कठीण स्फटिक बनतात, व मग कोणताही चार्जर लावला तरी ते सहसा निघत नाहीत. म्हणून हंगामातील शेवटची फवारणी आटोपताच बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी व दर दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी.

अलीकडे लिथियम-लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या मिळू लागल्या आहेत. हा पदार्थ बॅटरीस उपयोगी आहे, हे १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. यातील प्राणवायू फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला असल्याने इतर लिथियम बॅटऱ्यांच्या मानाने ही पेट घेण्याचा धोका कमी. शिशाची बॅटरी सुमारे अडीच किलो भरते, तर तेवढ्याच क्षमतेची ही सुमारे एक किलो. १६ लिटर द्रावण पाठीवर वाहणाऱ्यास हा फरक सायंकाळी चांगलाच जाणवतो! शिशाची बॅटरी काही शे वेळा चार्ज होते. ही चांगल्या प्रतीची असल्यास दोन हजार वेळांपर्यंत.

किंमत अर्थातच अधिक. वर्षातून दहा-बारा दिवसच फवारणी करणाऱ्याने शिशाचीच बॅटरी नीट सांभाळावी. मजुरीने रोज फवारणाऱ्यास मात्र नवी बॅटरी परवडते. घेताना केवळ ‘लिथियम’ या शब्दावर विसंबू नये, बॅटरीवर १२.८ व्होल्ट असा आकडा पाहावा. चार्जरही तिचाच घ्यावा, जुना वापरू नये. ही बॅटरी दीर्घकाळ ठेवावयाची असल्यास अर्धी चार्ज करून सावलीत ठेवावी.

निकामी बॅटरी घरी फोडू नये. शिसे विषारी असून लहान मुलांच्या मेंदूस त्यापासून अपाय होतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे; गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्या एकत्र करून विक्रेत्याकडे पोहोचविण्याची व्यवस्था करावी.