नवजात बालकाचे दुखणे आणि दोन लहान ग्रंथी

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांची वाट धरतात. परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावांना हे नित्याचेच आहे. अशा वेळी गावातील घरी किंवा फडाजवळच्या कोपीवर एखादे तान्हे दहाव्या-बाराव्या दिवशी ओकू लागते, अंगावर पिईनासे होते आणि सुकत जाते. दूध पचले नाही, नजर लागली, असे घरची माणसे म्हणतात. बहुतेक वेळा कारण जंतुसंसर्गाचे असते. परंतु काही थोड्या बालकांत ते मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या दोन लहान ग्रंथींत दडलेले असते. ते वेळीच ओळखले तर मूल वाचते. या दृष्टीने जन्मजात अधिवृक्क विकाराची माहिती आरोग्य खात्याबाहेरील जबाबदार व्यक्तींनाही असणे अगत्याचे आहे.

व्याधीचे स्वरूप

या ग्रंथींना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. शरीरावर ताण आला असता रक्तदाब व रक्तातील साखर सांभाळणारे कॉर्टिसॉल आणि शरीरातील मीठ राखणारे अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके त्यांत तयार होतात. त्यांसाठी २१-हायड्रॉक्सिलेज नावाचे विकर लागते. ते घडविणारे जनुक सहाव्या गुणसूत्रावर असते. जनुक सदोष असेल तर कॉर्टिसॉल पुरेसे तयार होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी अधिवृक्कांना अधिक काम करण्याचा आदेश देत राहते. त्यामुळे त्या वाढतात आणि न वापरलेला कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो.

याचे दोन परिणाम संभवतात. पहिला परिणाम मिठाच्या तुटीचा होय. जन्मानंतर साधारणतः एक ते तीन आठवड्यांत रक्तातील सोडियम घटते, पोटॅशियम वाढते आणि उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. दुसरा परिणाम मुलींच्या बाह्य जननेंद्रियांवर होतो. गर्भातच पुरुषी संप्रेरके अधिक मिळाल्याने ती मुलासारखी दिसू शकतात. परंतु गर्भाशय व बीजांडकोश शाबूत असतात. योग्य उपचार मिळाल्यास अशा मुलीला पुढे पाळी येऊ शकते व ती माताही होऊ शकते.

यातील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. मुलीचे वेगळेपण प्रसूतीच्या वेळीच दिसत असल्याने तिचा आजार ओळखला जाण्याची संधी असते. मुलगा मात्र वरकरणी निरोगी दिसतो. म्हणून कारण न कळताच दगावण्याचा धोका मुलास अधिक असतो.

दोष कोणाचा?

ही व्याधी मातापित्यांपैकी एकट्याकडून येत नाही. दोघांकडे सदोष जनुकाची प्रत्येकी एक प्रत असते, परंतु दुसरी प्रत चांगली असल्याने त्यांना स्वतःला त्रास नसतो. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास व्याधी होण्याची शक्यता २५ टक्के असते. तेव्हा केवळ सुनेस बोल लावणे हे अज्ञानाचे लक्षण होय. आते-मामेभावंडांच्या विवाहात एकाच आजी-आजोबांकडून आलेले सदोष जनुक दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता वाढते. नात्यातील सोयरीक रूढ असलेल्या भागात हे तथ्य शाळेत व ग्रामसभेत सांगितले गेले पाहिजे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत १ लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी केली. तीत सुमारे ५,७६२ बालकांमागे एकास ही व्याधी आढळली. गोवा शासनाने २००८ साली नवजात बालकांच्या रक्ततपासणीचा कार्यक्रम हाती घेतला होता. या तपासणीसाठी टाचेतील रक्ताचे काही थेंब पुरतात.

उपचार

१९५० साली अमेरिकेतील डॉ. लॉसन विल्किन्स यांनी कॉर्टिसोनचा या व्याधीवर होणारा उपयोग दाखवून दिला. आज हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या आणि मिठाची तूट असल्यास फ्लुड्रोकॉर्टिसोन दिले जाते. औषध आयुष्यभर घ्यावे लागते. ते एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. ताप आल्यास डॉक्टरांच्या सूचनेनुसार मात्रा वाढवावी लागते आणि उलट्या होत असल्यास इंजेक्शन द्यावे लागते. म्हणून स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाने हंगामभर पुरेल इतके औषध व आजाराची नोंद असलेला कागद जवळ बाळगणे आवश्यक आहे.

गावाची जबाबदारी

आशा कार्यकर्ती नवजात बालकाच्या घरी सातव्या, चौदाव्या व एकविसाव्या दिवशी भेट देते. धोक्याचा काळ नेमका हाच होय. वजन घटणे, वारंवार ओकारी व मलूलपणा दिसताच बालकास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तेथून त्यास अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात हलविता येते. पूर्वी एखादे भावंड असेच दगावले असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावयाची असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशादी कामांत जन्मदिनांक व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्यामुळे त्यावरील प्रत्येक नोंदीचे महत्त्व वाढले आहे. बालकाचे लिंग संदिग्ध वाटल्यास सुईण किंवा नातलगांच्या अंदाजावर न विसंबता वैद्यकीय अभिप्राय घ्यावा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या. मुलाची आस इतकी असते तेथे 'मुलगा झाला' हा अंदाज घाईने स्वीकारला जाण्याचा धोका अधिक. नोंद चुकली असल्यास १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ अन्वये ती दुरुस्त करता येते.

शिक्षकांचा वाटाही मोठा आहे. पाच-सहा वर्षांचा मुलगा एकाएकी उंच होऊन त्यास प्रौढत्वाची चिन्हे दिसणे, अथवा किशोरवयीन मुलीस पाळी न येणे किंवा चेहऱ्यावर दाट केस येणे, हे या व्याधीच्या सौम्य प्रकारांचे लक्षण असू शकते. इतर कारणेही संभवतात आणि निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते. शिक्षकांनी वर्गात वाच्यता न करता पालकांना विश्वासात घ्यावे आणि तपासणीचा मार्ग दाखवावा.

ही व्याधी विरळा आहे, परंतु ज्या घरात ती येते त्या घराला आकडेवारीचा दिलासा नसतो. ओकणाऱ्या तान्ह्याकडे वेळीच पाहणारी एक जाणती नजर गावात असली, तर ते मूल पुढे शाळेच्या पटावर दिसेल.