कॅसेटमधल्या माणसांना बोलू द्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ज्या घरात १९८५ ते २००५ या वीस वर्षांत लग्न किंवा मुंज झाली, त्या घरात आजही बहुधा दोन-चार व्हिडिओ कॅसेट सापडतात. टीव्हीखालच्या कप्प्यात नाहीतर माळ्यावर. वर लेबल असतं, त्यावर पुसट शाईत नाव आणि तारीख. लग्नानंतर पहिल्या महिन्यात ती कॅसेट चार वेळा पाहिली जाते. मग ती जी आत जाते ती जातेच. याचं कारण आळस नाही. तीन तासांची कॅसेट पाहायला कोणाला वेळ असतो? त्या तीन तासांतली पंगतच पाऊण तास चालते!

म्हणून आज संकलनाबद्दल बोलायचं आहे. चित्रपटाचं नव्हे, आपल्या घरच्या कॅसेटचं. हे काम पूर्वी फक्त स्टुडिओत होत असे. १९९९ साली ॲपल कंपनीचा ‘आयमूव्ही’ आला, २००० साली मायक्रोसॉफ्टचा ‘मूव्ही मेकर’ आला, आणि ते घरच्या संगणकावर येऊन बसलं. मूव्ही मेकर २०१७ साली बंद झाला. पण आज विंडोजबरोबर ‘क्लिपचॅम्प’ मिळतो, ॲपलवाल्यांना आयमूव्ही आहेच, आणि ‘शॉटकट’, ‘ओपनशॉट’ हे तर कोणालाही मोफत मिळतात. नावं वेगवेगळी, रीत एकच.

पहिली पायरी म्हणजे कॅसेट संगणकात उतरवणं, आणि इथे घाई करायला हवी. घरगुती व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवलं. म्हणजे जी यंत्रं आहेत तेवढीच आहेत. दुसरीकडे आपला पावसाळा. फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समजा. अशी कॅसेट तशीच यंत्रात घालू नका. यंत्राचं हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. ती साफ करून देणाऱ्या माणसाकडेच द्या. चांगली कॅसेट लावण्याआधी तिच्या पाठीवरची छोटी प्लास्टिकची पट्टी तोडलेली आहे ना, ते पाहा. ती तुटलेली असली की चुकून वर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही.

व्हीसीआरला मागे तीन रंगांच्या वायर लागतात. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. त्या एका छोट्या कॅप्चर यंत्राला जोडायच्या आणि ते यंत्र संगणकाला. मिनी डीव्ही ही छोटी कॅसेट असेल तर कॅमेऱ्यातूनच फायरवायर नावाच्या केबलने चित्र येतं. या कामात कुठेही पळवाट नाही. एक तासाची कॅसेट उतरायला एक तासच लागतो, आणि डीव्हीच्या एका तासाला डिस्कवर सुमारे १३ जीबी जागा लागते.

आता मुख्य काम. संगणकावर खाली एक लांब पट्टी दिसते, तिला टाइमलाइन म्हणतात. तिच्यावर दृश्य ठेवायचं, हवं तिथे कापायचं, नको तो तुकडा काढायचा, उरलेले जोडायचे. इथे अनेकांच्या मनात भीती असते की कापलं तर मूळ चित्रण जाईल. तसं होत नाही. आपण कापतो ती फक्त नोंद असते. ‘अमुक फाइल घे, बाराव्या मिनिटापासून तेराव्या मिनिटापर्यंत दाखव,’ एवढंच संगणक लिहून ठेवतो. स्वयंपाकाचं उदाहरण घ्या. मूळ फाइल म्हणजे डब्यातलं धान्य. प्रोजेक्ट फाइल म्हणजे कागदावर लिहिलेली पाककृती. आणि शेवटी ‘एक्स्पोर्ट’ करून निघते ती फिल्म म्हणजे ताटातला पदार्थ. पाककृती पाहुण्याला पाठवली तर त्याचं पोट भरत नाही. म्हणून नुसती प्रोजेक्ट फाइल नातेवाइकाला पाठवली तर त्याच्याकडे काही दिसत नाही. आणि डबाच दुसऱ्या कपाटात हलवला तर पाककृतीला धान्य सापडत नाही. मूळ फाइली काम संपेपर्यंत जागच्या हलवू नयेत.

संगणकाला हात लावण्याआधी मात्र वही घेऊन बसा. पूर्ण कॅसेट एकदा पाहा आणि वेळ लिहा. ‘१४ मिनिटं, आजी उखाणा घेते.’ ‘४१ मिनिटं, काका मांडवाच्या दारात भांडतात, मग हसतात.’ तीन तासांत अशा वीस-पंचवीस जागा निघतात. त्यांतूनच दहा-बारा मिनिटांची फिल्म होते. काय कापायचं असं विचारत बसू नका. काय ठेवल्याशिवाय चालणार नाही, हे विचारा.

थोडक्यात सांगण्याची ही रीत सिनेमाइतकीच जुनी आहे. १८९५ साली ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये जी पहिली चित्रं लोकांना दाखवली, त्यांत एक घरचंच होतं. ऑग्युस्त ल्युमिएर आणि त्याची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीला भरवत आहेत. जेमतेम एका मिनिटाचं चित्र. पण बाळाचा चेहरा, आईबापांचे हात, सगळं त्यात आहे.

कापणं-जोडणं दिसतं तितकं निरागस मात्र नाही. १९२०च्या सुमारास रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केल्याचं सांगतात. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्यापुढे एकदा सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटी. चेहरा तोच, पण प्रेक्षकांना तो आधी भुकेला वाटला, मग दुःखी. आपल्या मांडवात हेच करून पाहा. वधूपित्याच्या चेहऱ्यापुढे जिलब्यांचं ताट जोडलं तर तो भुकेला दिसेल, पाठवणी जोडली तर त्याच्या पोटात कालवलेलं दिसेल. म्हणून जोडताना स्वतःला विचारायचं, त्या दिवशी हे असंच होतं का? रुसलेल्या आत्याबाईंचा जांभई देतानाचा तुकडा नको तिथे लावला, तर पुढच्या पिढ्या त्यांना तशाच ओळखतील. त्यांना उत्तर द्यायला त्या तिथे नसतील.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आवाज. त्या काळच्या कितीतरी लग्नाच्या कॅसेटींवर व्हिडिओवाल्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमातली गाणी चढवलेली असतात. बदामाच्या आकारात नवरा-नवरी, आणि खाली गाणं. ते गाणं आज कुठेही मिळतं. पण त्याच्याखाली मामांनी मारलेली हाक, आजोबांचा खोकला, बेसूर म्हटलेली मंगलाष्टकं होती, ती त्या प्रतीतून कायमची गेली. अशा वेळी घरातल्या कोणी हौशीने स्वतःच्या कॅमेऱ्यावर काही टिपलं होतं का, ते शोधा. ती चित्रं हलतात, अंधारी असतात, पण त्यांत माणसं बोलत असतात. हललेलं चित्र माणूस सोसतो. न ऐकू येणारा आवाज सोसत नाही.

आपण संकलन करताना तीच चूक करू नये. संगीत घालायचंच तर नावांच्या पाटीखाली घाला, आणि कोणी बोलू लागलं की खाली उतरवा. एक सोपी युक्ती सांगतो. पुढच्या दृश्याचा आवाज एक-दोन सेकंद आधी सुरू करा. चित्रात अजून रिकामा मांडव आहे आणि सनई ऐकू येते. मग वरात दिसते. जोड कळत नाही. पान उलटणं, चांदण्या फुटणं असले प्रकार मग लागतच नाहीत.

दोन तांत्रिक सूचना. जुनं चित्र चारास तीन या आकाराचं असतं. पडदा भरावा म्हणून ते आडवं ताणू नका. सगळं घर उगाच लठ्ठ दिसतं. बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या. आणि हालचालीच्या वेळी कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या, तर ‘डीइंटरलेस’ हा पर्याय निवडा. मराठी पाट्या घालताना जोडाक्षरं तुटत नाहीत ना, ते शेवटी एकदा वाचून पाहा. तयार फिल्म एमपी४ स्वरूपात काढली की ती फोनपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे चालते. तिची आणि मूळ फाइलींची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. मूळ कॅसेटही टाकू नका.

शेवटचं सांगतो, आणि ते यंत्राबद्दल नाही. मांडवातली ती दोनशे माणसं कोण, हे सांगणारं घरात आता एखादंच कोणी उरलेलं असतं. फीत खराब व्हायच्या आधी ती ओळखही जाऊ शकते. म्हणून कॅसेट उतरली की त्या व्यक्तीला शेजारी बसवा, चित्र लावा, आणि फोनवर तिचं बोलणं रेकॉर्ड करा. ‘ही सांगलीची मावशी, हा तिचा धाकटा, याने पुढे दुकान काढलं.’ हाच आवाज चित्राखाली घाला. याहून चांगलं निवेदन कोणताही व्यावसायिक करू शकणार नाही. संकलन सावकाश करा, वर्षभर लागलं तरी चालेल. हे रेकॉर्डिंग मात्र येत्या रविवारीच करा.